मातीची चूल फुकट नव्हती

जनगणनेत ‘कुटुंब’ कुणाला म्हणायचं हे रक्ताच्या नात्यावरून ठरत नाही. एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. आपली भाषाही तेच सांगते. भावाभावांची वाटणी कागदावर नंतर येते, आधी चूल वेगळी होते. घराची ओळख चुलीवरून, पण त्या चुलीचा खर्च मात्र घराच्या हिशोबात कुणी कधी धरला नाही. बी-बियाणं, खत, बैल, लग्न, दवाखाना, सगळ्याची नोंद वहीत सापडेल. चुलीची सापडणार नाही.

हा विचार डोक्यात आला तो एका अंदाजपत्रकामुळे. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव साताऱ्याकडचं, ते वेगळं. २०२४ चं सोयाबीन निघाल्यावर घरी नवं किचन बसवायचं ठरलं. ट्रॉलीवाल्यानं वहीच्या पानावर लिहून दिलं: कडप्पा आणि ग्रॅनाइटचा ओटा २८ हजार, टाइल्स आणि मजुरी १४ हजार, सिंक-नळ-पाइप ९ हजार, ट्रॉल्या आणि शटर ५२ हजार, चिमणी १३ हजार. एकूण १ लाख १६ हजार.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात तेवढाही मिळत नव्हता. हमीभावानं धरलं तरी हे किचन जवळपास २४ क्विंटल सोयाबीनचं झालं. काका म्हणाले, “एवढ्यात बैलजोडी येती.” आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, “बैल उन्हाळ्यात बसून ऱ्हाते. चूल कधी बसती का?”

आजीच्या काळातल्या चुलीला एक रुपयाही लागत नव्हता, हे काकांचं म्हणणं खरंच होतं. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आली ती त्यातूनच, कारण माती सगळ्यांना सारखीच मिळते. पण ती माती कुणीतरी डोक्यावरून आणायची. तिच्यात शेण आणि भुसा कालवून हातानं चूल घालायची, शेजारी वैल काढायचा, वाळेपर्यंत तडे लिंपत राहायचं. मग रोज पोतेरं. पावसाळ्याआधी सरपण रचून झाकायचं, गोवऱ्या थापायच्या. आमच्याकडे मोठं लाकूड कमीच, तुराट्या आणि पऱ्हाट्या जास्त. त्या भुर्रकन जळतात, म्हणून चुलीपुढून उठता येत नाही. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं जाळ सारायचा. माळवदाच्या घराला खिडक्या कमी, धूर जायला वरचं सवणं. ते पावसात झाकलं की धूर घरातच. लाकडाच्या धुराचा बायकांच्या फुप्फुसांवर आणि डोळ्यांवर काय परिणाम होतो, हे आता डॉक्टर सांगतात. आजीला ते फुंकणी हातात धरून कळलं होतं. चुलीची किंमत रोज चुकवली जात होती, फक्त रुपयांत नाही.

ही गोष्ट बाहेर कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचं काम उभं केलं, तिथे १९४७ च्या सुमारास ‘मगन चुल्हा’ तयार झाला. जाळ एक, त्यावर भांडी जास्त, आणि धूर नळीतून बाहेर. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनीही धुराड्याची चूल बनवली आणि १९५३ मध्ये ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ हे पुस्तक काढलं. निजामाचं राज्य १९४८ मध्ये संपलं होतं, पण मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. म्हणजे राजू ही चूल बनवत होते ती आमच्याच राज्याच्या राजधानीत.

पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो केंद्रानं थांबवला तोवर देशभर ३ कोटींहून जास्त चुली वाटून झाल्या होत्या. त्यातल्या कितीतरी काही वर्षांतच मोडल्या. धुराड्यात काजळी साचायची, ते साफ कसं करायचं हे सांगणारा माणूस पुन्हा यायचा नाही. चुलीचं तोंड ठरलेल्या मापाचं, घरातलं पातेलं वेगळ्या मापाचं. किती चुली बसवल्या हे मोजलं जात होतं. बाई त्यावर स्वयंपाक करते का, हे क्वचितच विचारलं गेलं.

आज ज्याला आपण ‘मॉड्युलर किचन’ म्हणतो त्याचा उगम मात्र जर्मनीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती. १९२६ मध्ये मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, आगगाडीतल्या भटारखान्यासारखं आटोपशीर. बाई किती पावलं चालते, हे घड्याळ लावून मोजून कपाटं, सिंक आणि शेगडीच्या जागा ठरवलेल्या. अशी सुमारे १० हजार किचन्स बसली. गंमत खर्चाची आहे: किचन घराबरोबरच बसवून मिळायचं आणि त्याचे पैसे भाड्यातून वसूल व्हायचे. छत किंवा जिन्यासारखाच किचन हाही घराचाच भाग धरलेला. कुणाच्या हौसेचा वेगळा खर्च नाही.

आपल्याकडे हा विचार यायला बराच वेळ लागला. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी वेगळी जागा धरलेली आहे. आधीच्या इंदिरा आवासमध्ये २० चौरस मीटर होतं. सपाट भागात घरकुलाचं अनुदान १ लाख २० हजार. म्हणजे आमच्या ट्रॉलीवाल्याचा अंदाज आणि सरकारनं अख्ख्या घरासाठी दिलेली मदत यांत फक्त ४ हजारांचा फरक. गावात हे दोन्ही आकडे एकाच गल्लीत राहतात. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली. जोडणीसाठी सरकारचे १,६०० रुपये, शेगडी आणि पहिल्या सिलिंडरचे पैसे हवे तर हप्त्यानं. गॅस घरात आला, पण पुढचं सिलिंडर दरवेळी रोख पैसे मागतं आणि सरपण मागत नाही. म्हणून अंगणातली चूल अजून आहे. अंघोळीचं पाणी तिच्यावरच तापतं, आणि महिनाअखेरीला भाकरीही.

आमच्या अंदाजाकडे परत येते. सगळ्यात मोठा आकडा ट्रॉल्यांचा होता. स्टील ३०४ ग्रेडचं आहे की २०२, प्लायवूड साधं की पाण्यात टिकणारं ७१० नंबरचं, यावर भाऊ आणि ट्रॉलीवाला तासभर बोलले. हे विचारायलाच हवं, कारण रनिंग फुटाचा दर त्यावरच वर-खाली होतो आणि ओल आली की स्वस्त प्लाय फुगतं. पण आईला काय हवं ते तासाभरानंतर विचारलं. तिला तीन गोष्टी हव्या होत्या. ओटा जरा खाली, कारण नेहमीच्या ३३-३४ इंचांवर कणीक मळताना तिचे खांदे वर चढतात. शेगडीशेजारी खिडकी. आणि बसून निवडायला, चिरायला भिंतीशी थोडी मोकळी जागा, जिथे ट्रॉली नको.

यातल्या पहिल्या मागणीला खर्च शून्य. ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली असावा, एवढंच ते गणित. आईसाठी ते ३० इंचांवर आलं. ट्रॉल्या निम्म्या केल्या, २६ हजार वाचले. खिडकीला ८ हजार गेले. हिशोब ९८ हजारांवर, म्हणजे २० क्विंटलवर आला. काकांना तोही जास्तच वाटला.

मगनवाडी, हैदराबाद, दिल्ली, सगळ्यांनी आमच्या आजीसाठी काहीतरी आखलं, आणि बहुतेकांचा हेतू चांगलाच होता. पण उंची तिची घेतली नाही. फ्रँकफर्टमध्ये निदान पावलं तरी मोजली गेली. तुमच्या घरी कुणी वहीच्या पानावर अंदाज लिहायला बसला, तर ग्रॅनाइटचा रंग ठरवायच्या आधी टेप घ्या आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं कोपर जमिनीपासून किती इंचांवर आहे ते मोजा. एवढ्या मोठ्या बिलात ते एकच काम फुकट आहे.