अँटिसायकोटिक औषधे आणि मेंदूतील विकरे

छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र मनोविकारांवरील ही औषधे प्रामुख्याने मेंदूतील डोपामिनच्या डी-२ ग्राहींना अडवतात. विकरांवरचा त्यांचा परिणाम बहुतांशी याच अडवणुकीतून, म्हणजे अप्रत्यक्षपणे घडतो.

पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात झाँ दले व पियेर देनिकेर यांनी १९५२ मध्ये क्लोरप्रोमॅझिनचा गुण दाखवून दिला. ते मेंदूत नेमके काय करते, हे कळायला आणखी दशकभर लागले. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी १९६३ मध्ये उंदरांना क्लोरप्रोमॅझिन व हॅलोपेरिडॉल दिले. मेंदूतील डोपामिन घटले नाही, पण त्याच्या विघटनातून उरणारी द्रव्ये वाढली. ग्राही अडल्यामुळे चेतापेशी अधिक डोपामिन सोडत होत्या, हा त्यांचा तर्क विलक्षण अचूक ठरला. या वाढीव निर्मितीचा भार टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर उचलते. टायरोसिनपासून डोपामिन बनण्याचा वेग तेच ठरवते.

दुसरे महत्त्वाचे विकर म्हणजे अडेनिलिल सायक्लेज. डोपामिनने ते उत्तेजित होते, हे पॉल ग्रीनगार्ड यांच्या गटाने १९७२ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखवले. क्लोरप्रोमॅझिन ही उत्तेजना रोखत असे. मग रुग्णांत कितीतरी प्रभावी असलेले हॅलोपेरिडॉल इथे दुबळे का? हा खरा पेच होता. डी-१ ग्राही विकराला चालना देतात, डी-२ त्याला लगाम घालतात, हा भेद स्पष्ट झाल्यावर तो सुटला: हॅलोपेरिडॉलचा रोख डी-२ वर आहे, त्यामुळे ते हा लगामच काढून घेते.