स्पीकरच्या पायाखाली काय?

घरातला स्पीकर जमिनीवर कसा ठेवायचा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आज तोच पाहू.

१९२५ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या स्पीकरवर शोधनिबंध मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घडणीचे आहेत. कोन पुढे-मागे हलतो, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तेवढाच उलटा धक्का चुंबकाला आणि त्यातून खोक्याला बसतो. तो पुढे जमिनीत उतरतो.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना याचा त्रास जास्त. हादरा टर्नटेबलपर्यंत जाई, सुई तो उचले, ॲम्प्लिफायर वाढवी, आणि स्पीकर पुन्हा जमीन हलवी. खोली नुसती घुमत राही. १९६१ मध्ये ॲकॉस्टिक रिसर्चच्या एडगर विल्चर यांनी तबकडी आणि सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर तोलली. जमिनीचा हादरा सुईपर्यंत पोचणं त्यामुळे खूप कमी झालं.

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये स्पीकरखाली टोकदार खिळे लावायची पद्धत रुळली. टोक बारीक म्हणून कंप अडतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. टोक गालिचा भेदून खालची लाकडी जमीन घट्ट धरतं, त्यामुळे खोकं डुलत नाही. कंप मात्र खाली जातोच.

तो अडवायला स्प्रिंग किंवा मऊ रबर लागतं, तेही वजनाला जुळणारं. स्पीकरच्या भाराने स्प्रिंग १० मिलिमीटर दबली, तर तिची स्वतःची कंपनसंख्या सुमारे ५ हर्ट्झ येते. त्याच्या साधारण १.४ पटीच्या वर कंप अडू लागतात, म्हणजे ४० हर्ट्झचा खर्ज चांगलाच अडतो. रबर फार कडक असेल आणि त्याची कंपनसंख्या खर्जाजवळ आली, तर कंप उलट वाढतो.

तुम्ही इंदूरला असा की हैदराबादला, फ्लॅटमध्ये पायाखाली बहुधा काँक्रीटचा स्लॅब असतो. तो लाकडासारखा डुलत नाही, म्हणून आपल्याला फरक कमी जाणवेल. पण आपली जमीन हे खालच्यांचं छत आहे. स्लॅबमध्ये उतरलेला खर्ज त्यांच्या घरात धपधपतो. हवेतून जाणारा आवाज स्प्रिंग थांबवत नाही, त्याला आवाज कमी करणं हाच उपाय. तेव्हा आधी खाली जाऊन त्यांनाच विचारा, आणि मग काय विकत घ्यायचं ते ठरवा.