सोपाऱ्याचे बंदर आणि परदेशाशी जुळलेले नाते

नालासोपारा म्हटले की आज डोळ्यांपुढे लोकलची गर्दी उभी राहते. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच सोपारा, म्हणजे शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर होते. आपल्या मुलाबाळांना हे ठाऊक असायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेला सोपारा आणि कल्याण यांची नावे येतात. जुलैच्या सुमारास मिसर देशातून गलबते निघत आणि पावसाळी वाऱ्यावर आपल्या किनाऱ्याला लागत. भडोचच्या बाजारात तिकडून दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी येत. इकडून मिरी, हस्तिदंत, सुती कापड जाई. तेरचे कापड गाड्यांत भरून बंदरावर आणत. आम्ही साच्यावर आयुष्य घालवलेली माणसं. हे वाचताना आम्हाला पहिला प्रश्न पडतो, ते कापड विणणारे हात कुणाचे होते?

हे नाते नुसत्या मालाचे नव्हते. कार्ल्याच्या चैत्यात यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या लोकांनी, खांब दान दिले. त्याच चैत्यात सोपाऱ्याच्या एका भिक्खूचेही स्तंभदान आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने सोपाऱ्यात धर्मशाळा बांधली आणि डहाणूच्या नदीसह अनेक नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो. वाटसरूची सोय झाली तरच व्यापार वाढतो, हे त्या काळीही कळत होते.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ खणला. लोक ज्याला कोट म्हणत होते तो निघाला स्तूप! आत दगडी पेटी, करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्या नाण्यावर राजाचा चेहरा आहे. ही रीत ग्रीक नाण्यांवरून क्षत्रपांकडे आणि त्यांच्याकडून सातवाहनांकडे आली. म्हणजे मालाबरोबर कसबही आले बघा.

‘दिव्यावदान’ ग्रंथातला पूर्ण हा याच सोपाऱ्याचा. आई दासी, म्हणून बापाच्या संपत्तीत त्याला वाटा नाकारला गेला. तरी तो समुद्रावरचा मोठा व्यापारी झाला. श्रावस्तीच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धवचन ऐकले आणि पुढे तो भिक्खू झाला, अशी कथा आहे. बंदरावर जहाजासोबत विचारही उतरतो आणि दासीपुत्राला वाट मिळते, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यात सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेच हे साल. नवव्या लेखाचा आशय असा की बाकीचे विधी फोल, दास आणि नोकरचाकर यांच्याशी नीट वागणे हे खरे मंगल. विचार करा, देशोदेशीचे व्यापारी जिथे उतरत तिथे राजाने हे कोरून ठेवले!

पुढे खाडी गाळाने भरली, बंदर बसले. आता आपल्याच जिल्ह्यात वाढवणला सुमारे ७६ हजार कोटींचे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला आहे. परदेशी व्यापार वाईट, असे आम्ही म्हणत नाही. सोपाऱ्याचे वैभव त्यावरच उभे होते. पण ज्यांची मासेमारी जाईल त्यांचे काय, आणि तिथे राबणाऱ्यांना कसे वागवणार, हे विचारायचा अधिकार आपल्याला भुईगावच्या दगडाने दिला आहे.

एखाद्या रविवारी मुलांना घेऊन स्तूपावर जा. जाताना हा इतिहास त्यांना सांगा.

जय भीम!