तंजावरचे रथ आणि ओढणारे हात

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आठवतो. तिथले रथ मात्र आपण उत्सवाची शोभा म्हणून पाहतो आणि सोडून देतो. वास्तविक रथ हे एक अवाढव्य यंत्र आहे. कावेरीकाठचे रथ नुसत्या भक्तीवर कधीच चालले नाहीत. सुतारांचे कसब, रुंद रस्ता आणि हजारो हात गोळा करणारी व्यवस्था यांवर ते चालले. ही व्यवस्था बदलली, तेव्हा रथालाही बदलावे लागले.

जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुवारूरचा रथ पाहा. सजवल्यावर त्याची उंची 96 फूट भरते आणि वजन सुमारे 300 टन. खालचा कोरीव लाकडी गाडा कायमचा; वरचा डोलारा बांबू आणि कापडाचा, उत्सवापुरता बांधायचा आणि नंतर सोडायचा. गाडा आणि डोलारा वेगळे ठेवण्याची ही रीत इथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पण या रथाला मूळचे ना सुकाणू, ना ब्रेक. चाकाखाली लाकडी पाचर सारायची, ती किंचित तिरकी ठेवून चाक वळवायचे, आणि थांबायचे झाले की जाडजूड ठोकळा आडवा घालायचा. हे सारे हलत्या चाकाच्या हातभर अंतरावर उभे राहून. पाचर चुकली की माणूस चाकाखाली.

ओढणारे हात कुठून येत? तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या काळातल्या मोडी कागदांत तालुक्या-तालुक्यांतून माणसे बोलावल्याच्या नोंदी आहेत, आणि हा आकडा हजारांच्या घरातला आहे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. 1817 च्या मद्रास रेग्युलेशनने देवस्थानांवरची देखरेख महसूल मंडळाकडे आली आणि रथाला माणसे पुरवणे हे तहसीलदाराचे काम होऊन बसले. 1830 च्या दशकात मिशनऱ्यांनी या सक्तीविरुद्ध तक्रारी केल्या. पुढे कंपनीने देवळांतून अंग काढून घेतले आणि 1863 च्या कायद्याने ती फारकत पक्की झाली. वेठ गेली ते योग्यच झाले. पण तिच्या जागी दुसरी व्यवस्था आपोआप उभी राहिली नाही.

यावर कुणी म्हणेल, भाविक आजही लाखोंनी जमतात, मग भक्ती पुरेशी नाही कशी? भक्ती खरी आहे, आणि स्वखुशीने दोराला हात लावणाऱ्याची तर अधिकच खरी. तरीही बृहदीश्वराचा रथ सुमारे शंभर वर्षे निघाला नव्हता. या काळात देवळात भाविक येतच होते. नवा रथ घडवला गेला तेव्हाच, 2015 साली, तो पुन्हा रस्त्यावर आला. श्रद्धेने माणसे जमतात. त्यांच्या हाती ओढण्याजोगा आणि थांबवता येण्याजोगा रथ देणे हे कारागिरांचे आणि कारभाऱ्यांचे काम आहे.

दुसरा आक्षेप परंपरेचा. तिरुवारूरच्या रथाला त्रिचीच्या भेल कारखान्याने पोलादी चाके आणि हायड्रॉलिक ब्रेक बसवले. मग तो जुना रथ राहिला का? राहिला. तो 1920 च्या दशकात जळाला, 1930 साली नव्याने उभा राहिला, आणि तरी त्याला कुणी परका म्हटले नाही. ब्रेक नको म्हणणाऱ्याने पाचर घालणाऱ्याचा जीव हिशेबात धरलेला नसतो. 27 एप्रिल 2022 रोजी तंजावरजवळच्या कळिमेडू गावात मिरवणुकीचा रथ उच्चदाबाच्या वीजतारेला लागून 11 जणांनी प्राण गमावले. रस्ता, तारा आणि रथाची उंची यांचा मेळ घालणे हा उत्सवाचाच भाग आहे, हे यापेक्षा कठोरपणे कुणी सांगू शकणार नाही. म्हणून तंजावरच्या मराठी राज्याची थोरवी सांगताना ग्रंथ आणि शिलालेखांबरोबर ते मोडी हुकूमही वाचावेत. देणगी राजाच्या नावावर जमा झाली. पण रथ हलवला तो बोलावून आणलेल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी, आणि इतिहासात त्यांची जागा राजाच्या बरोबरीची आहे.