बारभाई: एका बदनाम शब्दाची बाजू

कचेरीत एखादं काम चार जणांकडे सोपवलं आणि ते रखडलं, की आपण लगेच म्हणतो, 'बारभाईचा कारभार!' 'बारभाईची खेती, प्रपंच लागला हाती' ही म्हण तर त्याहून कडू. अनेकांच्या हाती कारभार म्हणजे गोंधळ, असा निकालच भाषेने देऊन ठेवला आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने तरी तो मान्य करू नये. या शब्दाची दुसरी बाजू त्याच्याच जिल्ह्यात, साल्बाई गावात सापडते.

इथला 'बारा' मोजून बारा नव्हे. 'बारा गावचं पाणी प्यालेला' किंवा 'बारा घरचे बारा' यांतल्यासारखा तो 'पुष्कळ आणि निरनिराळे' एवढंच सांगतो. 'भाई' संस्कृत 'भ्रातृ'पासून प्राकृतातून आला. 'भाऊ'ही त्याच घरचा. पण भावाभावांत वाट्याचा प्रश्न आला, की 'भाऊबंदकी' हा शब्दही त्याच घरात जन्मतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे काका राघोबादादा यांनी पेशवाई घेतली. तेव्हा सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस असे कारभारी एकत्र आले. तेच बारभाई. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या, नारायणरावांच्या मुलाच्या, सवाई माधवरावाच्या नावाने त्यांनी राज्य चालवलं. महादजी शिंदे त्यांच्या बाजूने उभे राहिले. राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि युद्ध पेटलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला मान तुकवावी लागली आणि १७ मे १७८२ रोजी इंग्रजांशी साल्बाईचा तह झाला. त्यात महादजींनी पेशव्यांच्या वतीने बोलणी केली आणि तह पाळला जाईल याची हमीही घेतली. पुण्याची मंजुरी मात्र नानांनी फेब्रुवारी १७८३ मध्ये दिली. बोलणारा एक, शिक्का देणारा दुसरा, आणि दोघांनाही एकमेकांवाचून पुढे जाता येत नव्हतं.

बारभाईंत फूटही पडली. १७७८ मध्ये मोरोबा राघोबादादांकडे वळले, पुढे सखारामबापू कैदेत गेले आणि सत्ता नानांच्या हाती एकवटली. माझ्या मते दोष अनेक जण असण्यात नव्हता. कोणाचा अधिकार कुठे संपतो आणि तक्रार कोणापुढे मांडायची, हे ठरलेलं नव्हतं, तिथे खेती बिघडली.

ते ठरवून घेतलं तर काय होतं, हे ग्वाल्हेरच्या इंडियन कॉफी हाउसात दिसतं. १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि ती स्वतः चालवायला घेतली. तुऱ्याचा फेटा बांधून कॉफी आणून देणारा माणूस तिथे मालकही असू शकतो. संचालक सभासद निवडतात, आणि नियम लिहिलेले असतात.

'कारभार' या शब्दात 'भार' आहे. आजच्या कचेऱ्यांत 'टीमवर्क' म्हणून हा भार सगळ्यांना वाटतात, पण सही, श्रेय आणि पगारवाढ ठरवण्याचा हक्क एकाच टेबलावर राहतो. त्याला बारभाई म्हणू नये. त्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे: संस्कृत 'विष्टी'वरून आलेला 'वेठ'. ज्याच्या खांद्यावर भार दिला, त्याला निर्णयाच्या बैठकीत जागा आणि मत द्यायलाच हवं.