आधी बूच, मग बैठक

चाळीस वर्षं जुन्या बोर्दोची बाटली उघडायची तर साधा कॉर्कस्क्रू बाजूला ठेवलेला बरा. त्याचं मळसूत्र आत शिरलं की म्हातारं बूच शिळ्या भाकरीसारखं कुसकरतं आणि अर्धं आत पडतं. म्हणून जाणकार यजमान दोन पातळ पात्यांचा चिमटा काढतो. एक पातं लांब, दुसरं किंचित आखूड. काच आणि बूच यांच्यामधल्या फटीत ती आळीपाळीने दाबत, डुलवत खाली उतरवायची आणि मग पिळत पिळत बूच वर आणायचं. वरचं टोक काळपट, खालचं जांभळं, अंगावर वाइनच्या मळ्याचं नाव आणि साल. या चिमट्याला इंग्रजीत बटलरचा दोस्त म्हणतात. बुचाला भोक पडत नसल्यामुळे मालकाची उंची वाइन पिऊन टाकायची, तिच्या जागी हलकी भरायची आणि बूच पुन्हा बसवायचं, हे त्याने जमतं म्हणे. गोष्ट खरी असो वा नसो, नाव झकास आहे.

हे चालू असताना टेबलाभोवतीचे पाच-सहा जण श्वास रोखून बसलेले असतात. नंतर मेणबत्ती येते, काचेची सुरई येते, यजमान आधी स्वतःच्या पेल्यात घोटभर ओततो. हे सगळं फ्रेंच खानदानी रीतीसारखं दिसतं. पण द्राक्षं फ्रान्सची असली तरी या रीतीचं कूळ शोधायला इंग्लंडच्या कोळशाच्या भट्ट्यांपर्यंत आणि पोर्तुगालच्या झाडांपर्यंत जावं लागतं.

जुनी वाइन मुरवून पिण्याचा शौक रोमन लोकांना होता. इसवीसनपूर्व १२१ सालच्या, ओपिमियस नावाच्या कॉन्सलच्या वर्षीच्या वाइनचं कौतुक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. ती असायची मातीच्या उभट रांजणांत, तोंड बूच आणि डांबराने बंद केलेलं. पुढे रांजण गेले आणि लाकडी पिंपं आली. पिंप गडगडत न्यायला सोयीचं, पण लाकूड श्वास घेतं आणि पिंप अर्धं झालं की आत हवा शिरते. वाइन आंबते, शिर्का होतो. मग हजार-बाराशे वर्षं युरोपात जुनी वाइन म्हणजे बिघडत चाललेली वाइन, एवढाच अर्थ उरला. ११५२ साली अॅक्विटेनची डचेस एलिनॉर हिने पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केलं, तेव्हापासून १४५३पर्यंत बोर्दो इंग्रजांच्या ताब्यात होतं. दर हिवाळ्याच्या तोंडावर नव्या वाइनची पिंपं भरून जहाजं इंग्लंडला निघत. ती बंदरात लागली की गेल्या वर्षीच्या वाइनचा भाव कोसळायचा. आज लिलावात नेमकं उलटं होतं.

उलटापालट झाली ती काचेमुळे. बाटल्या पूर्वीही होत्या, पण पातळ आणि नाजूक. १६१५ साली इंग्लंडच्या राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण ओक हवा होता आरमाराला. कारखानदार नाइलाजाने दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त, त्यामुळे काच जाड, काळपट आणि दणकट होऊ लागली. या बाटलीचं श्रेय सर केनेल्म डिग्बी या हरहुन्नरी गृहस्थाला दिलं जातं. फ्रेंच लोक पुढे कितीतरी वर्षं या काचेला 'इंग्लिश काच'च म्हणत. शँपेनच्या बुडबुड्यांचं श्रेय एका फ्रेंच साधूला देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की दों पेरिन्यों १६६८मध्ये ओव्हिलेरच्या मठात आला, त्याच्या सहा वर्षं आधीच लंडनमध्ये ख्रिस्तोफर मेरेटने वाइनमध्ये साखर घालून ती फसफसवण्याबद्दलचा निबंध वाचून दाखवला होता.

या उलटापालटीचा माझा लाडका साक्षीदार सॅम्युअल पेपिस. हा लंडनच्या आरमार कचेरीतला अधिकारी, खाण्यापिण्याचा षोकी, आणि रोजनिशी लिहिण्यात विलक्षण प्रामाणिक. १० एप्रिल १६६३ रोजी तो एका गुत्त्यात गेला आणि 'हो ब्रायन' नावाची फ्रेंच वाइन प्याला. चव छान आणि अगदी निराळी, अशी त्याने नोंद केली. हे हो ब्रायन म्हणजे ओ-ब्रियों. बोर्दोच्या एखाद्या मळ्याची वाइन नावानिशी चाखल्याची इतकी जुनी नोंद क्वचितच सापडते. त्याआधी पिंपावर गावाचं नाव असलं तरी पुष्कळ. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेपिस दुसऱ्या एका गुत्त्यात आपल्या नव्या बाटल्या भरताना बघायला गेला. पाच-सहा डझन, प्रत्येकीवर त्याचं स्वतःचं चिन्ह काचेतच उठवलेलं. बाटल्या तोंडाने फुंकून बनवत, प्रत्येकीचं माप वेगळं, म्हणून वाइन मापाने घ्यायची आणि आपल्या बाटल्यांत भरून न्यायची. घरचा डबा घेऊन तेल आणायला जावं, तसं. आणि १६६५च्या जानेवारीत हाच गृहस्थ रात्री दोनपर्यंत जागून रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' वाचत बसला. त्या पुस्तकात हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप ठेवला होता. त्यात दिसलेल्या बारीक कप्प्यांना त्याने 'सेल' म्हटलं, ज्याला आपण आज पेशी म्हणतो. वाइन, बाटली आणि बूच या तिन्ही गोष्टी दोन वर्षांच्या आत एकाच माणसाच्या रोजनिशीत येऊन गेल्या. त्या एकत्र आल्या की काय होईल, हे त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

ओ-ब्रियोंचे मालक पोंताक मात्र चतुर निघाले. १६६६ साली लंडनला लागलेल्या मोठ्या आगीनंतर त्यांच्या मुलाने तिथे 'पोंताक्स हेड' नावाची खाणावळ काढली. जेवण फ्रेंच, वाइन घरची, दर तिखट. रॉयल सोसायटीचे विद्वान सभासद पुढे आपलं वार्षिक जेवण तिथेच करू लागले. उंची फ्रेंच वाइन चार मित्रांत वाटून, तिच्याबद्दल बोलत जेवायचं, या चालीचं जन्मगाव विचाराल तर मी बोर्दो सांगणार नाही, लंडन सांगेन.

राहिलं बूच. पोर्तुगालमध्ये एक ओक आहे, त्याची साल सोलली तरी झाड मरत नाही. पहिली साल निघते ती झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्यावर. त्यानंतर दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल खडबडीत असते, बाटलीच्या कामाची मिळते ती तिसऱ्या खेपेला. म्हणजे झाड लावणारा बहुधा आपल्या नातवासाठीच लावतो. या सालीत घन सेंटिमीटरला सुमारे चार कोटी पेशी असतात, बहुतेक हवेने भरलेल्या. म्हणून बूच दाबलं की आवळतं, सोडलं की फुगून काचेला घट्ट धरतं. आपल्याकडे 'बूच' हा शब्दही पोर्तुगीज 'बुशा'वरूनच आला. पुण्याच्या रस्त्यांवर ज्याच्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो, त्या झाडाला आपण बुचाचं झाड म्हणतो, कारण त्याच्या सालीची हलक्या प्रतीची बुचं करत. सुगंधाच्या बाबतीत मात्र पोर्तुगालच्या ओकने आपल्या झाडापुढे हात टेकावेत.

आता प्रश्न असा, की घट्ट बसलेलं बूच काढायचं कसं? उत्तर बंदुकीतून आलं. नळीत अडकलेली गोळी आणि चिंध्या उपसायला शिपाई मळसूत्री गज वापरत. तोच लहान होऊन टेबलावर आला. १६८१ सालच्या एका इंग्रजी पुस्तकात बूच काढायच्या पोलादी 'किड्या'चा उल्लेख आहे. १७९५ साली त्यावर पहिलं पेटंट घेतलं ते एका पाद्र्याने, सॅम्युअल हेन्शॉलने.

सुरुवातीच्या बाटल्या कांद्यासारख्या बुटक्या होत्या, आडव्या ठेवता येत नसत. उभ्या बाटलीत बूच वाळतं, आकसतं आणि हवा शिरते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाटली लांबट आणि सरळ झाली. ती आडवी निजवली की वाइन बुचाला ओलं ठेवते आणि बूच वाइनला राखतं. रोमन रांजणांनंतर पहिल्यांदाच वाइन म्हातारी होऊ शकली, आणि म्हातारपणी ती तरुणपणापेक्षा चांगली लागते, हेही लोकांना तेव्हाच पुन्हा कळलं. बोर्दोच्या लाफीत मळ्याच्या तळघरात १७९७ सालच्या बाटल्या आजही आहेत.

मग आले ते उपचार. तुरट द्रव्य आणि रंग वर्षानुवर्षं एकमेकांना धरून जड होतात आणि बाटलीच्या कुशीला साका धरतो. म्हणून पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करायची, म्हणजे तो बुडाशी जातो. मेणबत्ती मानेच्या मागे धरायची, ताकावरची निवळ काढावी तशी हलक्या हाताने वाइन सुरईत ओतायची, आणि काळी रेघ मानेकडे सरकताना दिसली की हात थांबवायचा. यजमानाचा पहिला घोट बुचाचे कण आपल्याच पेल्यात यावेत म्हणून. शिवाय कधी कधी बुचातूनच ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. १९८१ साली स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी त्यामागचं रसायन ओळखलं, ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं. तीस वर्षं जपलेली बाटली एका वासात फुकट जाते आणि टेबलावर शोककळा पसरते.

सुरईमुळे आणखी एक खेळ सापडला. बाटली आत ठेवायची आणि पाहुण्यांना ओळखायला लावायचं. हॅरी वॉ हे इंग्लंडमधले मोठे जाणकार वाइनव्यापारी. बोर्दो आणि बर्गंडी यांत तुमची गल्लत शेवटची कधी झाली, असं कुणी विचारलं, तर म्हणाले, आज दुपारच्या जेवणानंतर अजून झालेली नाही.

पण मित्रांना बोलावण्याचं मूळ कारण मला याहून साधं वाटतं. ७५० मिलिलिटरची बाटली म्हणजे सहा पेले. तरुण वाइन उद्यासाठी झाकून ठेवता येते. पन्नाशीची वाइन उघडल्यावर तासाभरात फुलते आणि दोन-तीन तासांत विझून जाते. बूच पुन्हा बसवून काही उपयोग नसतो. एकट्याला सहा पेले झेपत नाहीत, आणि उरलेले टाकायला मन होत नाही.

म्हणून फोन जातात. शेवटचा, गढूळ पेला यजमान स्वतःकडे घेतो. आणि ते म्हातारं बूच ताटाजवळ पडलेलं असतं, दर पाच मिनिटांनी कुणी तरी ते उचलून नाकाशी धरतं, साल वाचतं आणि शेजाऱ्याकडे देतं.