अंगणांतील डोंगर आणि चांद्याची छोटी गाडी

मनुष्यास पर्वताची ओढ असते, आणि जो पर्वत दूर आहे तो आपल्या अंगणांत आणून बसवावा असें त्यास वाटतें, ही गोष्ट कोणा एका देशाची नव्हे. जपानांतील मठांमध्यें रेती व दगड यांच्या योजनेनें डोंगर आणि समुद्र सुचविण्याची कला शतकानुशतकें चालत आली आहे. इंग्लंडांत हेन्ली येथें सर फ्रँक क्रिस्प नांवाच्या एका धनिक वकिलानें हजारों टन दगड आणवून आपल्या बागेंत आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराची लहान प्रतिकृति उभी केली. आमच्याकडे दिवाळींत मुलें दगडविटा रचून, वर गोणपाट टाकून व चिखल लिंपून किल्ला करतात, त्यावर अळीव आणि मोहरी पेरतात, आणि थोड्याच दिवसांत त्या उतारावर हिरवें रान माजतें. दिवाळींतच गोधनाच्या पूजेसाठीं शेणाचा गोवर्धन घालण्याची चाल आहे. हे सारे एकाच वृत्तीचे आविष्कार होत.

अंगणांतल्या या डोंगरास आगगाडीची जोड मिळाली ती मात्र युरोपांत. 1891 सालीं जर्मनींतील मेर्क्लिन कारखान्यानें खेळण्यांतील रुळांचीं ठराविक मापें पुढें मांडलीं, आणि गाडी हें सुटें खेळणें न राहतां तिच्याभोंवतीं वाढत जाणारें एक जग उभें करणें शक्य झालें. 1929 सालीं इंग्लंडांत बीकन्सफील्ड येथें रोलंड कॅलिंगहॅम यांच्या बागेंतलें बेकनस्कॉट हें चिमुकलें गांव लोकांस खुलें झालें; त्यांतील टेकड्यांमधून आणि तळ्याकांठून धांवणारी गाडी हेंच त्याचें मुख्य आकर्षण ठरलें. 1968 सालीं न्यूरेंबर्गच्या लेहमान कारखान्यानें 45 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरील, ऊनपाऊस सोसणारी गाडी बाजारांत आणली आणि हा छंद मध्यम वर्गाच्या घरापर्यंत पोंचला. परंतु त्याबरोबर एक ठराविक देखावाहि जगभर पसरला. बागेंतील गाडी म्हटली कीं बर्फाचें शिखर, काळाकभिन्न बोगदा आणि उतरत्या लाकडी छपराचें स्टेशन हीं आलींच. आल्प्सचा डोंगर हाच जणूं डोंगराचा एकमेव नमुना होऊन बसला.

महाराष्ट्रांत या विषयाची हौस नाहीं असें नव्हे. पुण्यास कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांच्या छंदांतून लहान गाड्यांचें संग्रहालय 1998 सालीं उभें राहिलें. नागपुरास मोतीबागेंत 2002 सालीं नॅरोगेज गाड्यांचें संग्रहालय झालें. तेथें खरींच इंजिनें व डबे जपून ठेवले आहेत. पण इंजिन जपलें म्हणजे आगगाडी जपली असें होत नाहीं. ज्या मुलुखांतून ती गेली तो मुलूख तिच्यापासून वेगळा काढला कीं उरतें तें लोखंड. म्हणूनच चांद्याच्या गाडीसाठीं डोंगर कसा करावा, हा प्रश्न वाटतो तितका पोरखेळाचा नाहीं.

ही गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची. तिच्या रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळांत गोंदियापासून नागभीड, सिंदेवाही, मूल या बाजूनें हा मार्ग चांदा फोर्टपर्यंत आला आणि नागभीडहून एक फांटा नागपुरास मिळाला. 1982 सालीं चांदा जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हां या मार्गावरील वडसा हें त्या विस्तीर्ण अरण्यप्रदेशाचें आगगाडीचें दार ठरलें. शतक संपतां संपतां गोंदिया-चांदा मार्ग रुंद झाला. नागपूर-नागभीड हा शेवटचा अरुंद तुकडाहि 2019 सालीं बंद पडला. तेव्हां आज कोणास ही गाडी बागेंत पुन्हां चालवावयाची असेल तर तो केवळ खेळ न राहतां एक प्रकारचें इतिहासलेखन होतें.

आतां हिशेब करून पाहूं. रूळ 45 मिलिमीटरचे घेतले तर प्रत्येक वस्तु खऱ्याच्या सुमारें सतराव्या हिश्शानें लहान करावी लागेल. साडेपांच फुटी स्टेशनमास्तर चार इंचांचा होईल, साठ फुटी साग साडेतीन फुटांचा. येथवर सर्व ठीक आहे. परंतु तीनशें फुटांची एक सामान्य टेकडी याच मापानें साडेसतरा फूट उंच होते, म्हणजे घराच्या छपरावर जाते! गाडी मापानें लहान करतां येते. डोंगर तसा करतां येत नाहीं. त्याचें सार तेवढें घ्यावें लागतें, आणि सार काढावयाचें तर तो डोंगर आधीं नीट ओळखावा लागतो.

चांद्याकडील डोंगर कसे आहेत? ते बर्फाचे नाहींत, आणि एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या सह्याद्रीच्या रांगांसारखेहि नाहींत. भाताच्या सपाट बांध्यांतून ते एकदम वर उठतात. पेरजागडाचा तुटलेला कडा, ज्यास लोक सातबहिणींचा डोंगर म्हणतात, तो याचें उत्तम उदाहरण होय. शिवाय येथील डोंगर सहसा एकटा नसतो. त्याच्या पायथ्याशीं तलाव असतो. दोन उतारांमधल्या खोलगटीस मातीची पाळ घालून पाणी अडवावें आणि खालचीं शेतें भिजवावीं, ही विद्या कोहळी लोकांनीं गोंड राजांच्या काळापासून या भागांत रुजविली. पुढें माजी मालगुजारांचे म्हणून 'मामा तलाव' या नांवानें ओळखले गेलेले ते हेच. म्हणून चांद्याच्या गाडीच्या देखाव्यांत बोगदा नसला तरी चालेल, तलाव मात्र हवा.

पाण्याचें महत्त्व रचनेच्या दृष्टीनेंहि आहे. सर्व वस्तु लहान केल्या तरी पावसाचा थेंब लहान होत नाहीं. सतरापट लहान डोंगरावर तो पूर्ण आकारानेंच कोसळतो आणि मातीचा उतार चिरून काढतो. अवकाळी पावसांत ढांसळलेला दिवाळीचा किल्ला ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें सांगावयास नको. म्हणून पोटांत विटांचे तुकडे व खडी, त्यावर तारेची जाळी व सिमेंटाचा पातळ थर, मध्यें मध्यें मातीचे खळगे आणि पाणी निघून जाण्यास वाटा, अशी बांधणी करतात. दगड उभे टोंचून भागत नाहीं. सर्वांचे थर एकाच दिशेस कललेले असावे आणि प्रत्येक दगड निदान तिसरा हिस्सा मातींत गाडलेला असावा. तसें केलें तरच तो आणून ठेवलेला न वाटतां जमिनींतून निघालेला वाटतो.

मग रान. सागाचें फूटभर पान या मापानें पाऊण इंचाहून लहान होतें, आणि आमच्या कुंपणाच्या मेंदीचें पान जवळपास तेवढेंच असतें. तेव्हां छाटलेली मेंदी सागाचें सोंग चांगलें वठवील. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांचा पानगळीच्या झाडांसाठीं उपयोग होतो, आणि तोहि हवाच, कारण चांद्याचें सागवन उन्हाळ्यांत उघडें पडतें. बारमास हिरवा डोंगर दाखविणें म्हणजे या मुलुखाचा उन्हाळाच नाकारणें होय.

या रानाचा आणि रुळांचा संबंध केवळ शोभेचा नव्हता. हिंदुस्थानांत रेल्वेचा विस्तार सुरू होतांच स्लीपरांसाठीं लांकडाची प्रचंड मागणी निर्माण झाली. 1864 सालीं सरकारी जंगलखातें स्थापन झालें आणि 1865 व 1878 सालीं जंगलाचे कायदे झाले, त्यामागें ही मागणी हें एक मोठें कारण होतें. ज्या अरण्यांत गोंड व माडिया लोक पिढ्यान्पिढ्या राहिले त्यांत कुऱ्हाड कोणी चालवावी हें तेव्हांपासून दूरच्या कचेरींत ठरूं लागलें. देखाव्यांत ओंडक्यांची एक वाघीण आणि स्टेशनाबाहेर लांकडांची रास ठेवली तर हा इतिहास न बोलतां सांगितला जाईल. रूळ रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला, आणि 2018 सालीं चांद्याजवळ जुनोण्याच्या जंगलांत वाघाचे तीन बछडे गाडीखालीं सांपडून मेले. रुळांखालून जनावरांस जाण्याची वाट आमच्या लहान देखाव्यांतहि असावी. ती खऱ्या मार्गावर हवी आहे याची आठवण तरी राहील.

डोंगर अचल आहे असें आपण धरून चालतों. पण गडचिरोलींतील सुरजागडच्या डोंगरांतून आज लोहखनिज खणून नेलें जात आहे. गाडी गेली तरी डोंगर राहील, हा भरंवसा आतां पूर्वीसारखा उरला नाहीं. अशा वेळीं या दोन जिल्ह्यांतील एखाद्या शाळेच्या आवारांत मुलांनीं आपल्याच टेकडीचे थर पाहून, आपल्याच तलावाची पाळ मोजून आणि गांवच्या वृद्धांस जुन्या गाडीची हकीकत विचारून असा एक देखावा उभा केला, तर भूगोल व इतिहास हे दोन्ही विषय त्यांच्या हातास कळतील. त्यांनीं केलेलें शिखर कदाचित् फार सुबक होणार नाहीं. परंतु तें मॅटरहॉर्नचें नसून पेरजागडाचें आहे, हें पाहणारास चटकन् ओळखतां आलें म्हणजे त्यांचे श्रम सार्थकीं लागले असें खुशाल म्हणावें.